नाताळाचं सातवं बिस्कुट

पौष म्हयन्याची थंडी पडली की वाईत कृष्णंवरनं धुकं उठतं, आन् आमच्या आळीत माज्या नावानं कुजबुज उठती. धुकं नऊ वाजता जातं. कुजबुज संक्रांतीपतुर ऱ्हाती. कारन ह्याच दिसांत मी अंगनात शेगडी मांडतो, लांब दांड्याचं एक लोखंडी हत्यार तिच्यावर धरतो, आन् लोनी, साखर, येलदोडा, आन्, हळू बोलतो पन बोलतो, अंडी, ह्या समद्यांचा वास पार घाटाच्या पायऱ्यांपतुर सोडून देतो.

समोरची काकू खिडकी लावून घेती. लावू दे. तिचा म्हातारा मागच्या दारानं येतो आन् म्हनतो, "सख्या, काकूला वास सोसंना झालाय बग. चार दे मला, तेवढाच वास कमी हुईल."

बाटगा, ह्यो शब्द मला इतक्यांदा ऐकू आलाय की एखाद्या दिशी कोन म्हनलं न्हाई तर मीच वळून बघतो, लोकांची तब्येत बरी हाय न्हवं. आता माजं म्हननं सरळ हाय. मी बाटलो का न्हाई ते देव बघून घील. पन माज्या घरात ह्या थंडीत बिस्कुटांचं सात परकार हुनार. सहा न्हाई, साडेसहा न्हाई. सात.

हे नॉर्वेचं खानं हाय. नॉर्वे कुटं हाय ते मला इचारू नका. ज्या मडमबाईकडं मी कामाला हुतो तिनं एकदा नकाशावर दावलं हुतं, तर मला ते उलटी टांगलेली कोंबडी दिसली. तसं मी म्हनलो बी. मडमबाई म्हनली, "सख्या, ती माजी कोंबडी हाय."

शेगडीवरचं हत्यार साताऱ्याच्या एका लोहाराकडनं करून घेतलंय. दोन गोल तवं, एकावर एक मिटनारं, आन् आतल्या अंगाला नक्षी. त्याला म्या सांगितलं, आत येल काड. त्यानं काडली, पन ती येल हाय का गांडूळ ते अजून ठरलं न्हाई. मूळचं हत्यार मडमबाईचं हुतं, तिच्या आजीच्या घरातलं. त्याचं सांगाय लागलो की अजून माजं कान गरम हुत्यात. म्हनून हे थंडीतच सांगितलेलं बरं.

आमचं घरानं पलटनीतलं. बाप पलटनीत, चुलते पलटनीत, सासरा तर पयल्या लढाईत बसऱ्याला जाऊन हवालदार हून आलेला. दुसरी लढाई लागली तवा मी बी भरतीला गेलो. सायबानं छातीला टेप लावली आन् म्हनला, फुगव. म्या फुगवली, तर पोट भाईर आलं. परत फुगव म्हनला, परत पोटच आलं. शेवटाला त्यानं टेपच गुंडाळून ठेवली. आता गावाकडं कंच्या तोंडानं जायाचं? म्हनून घाट चढून पाचगणीला गेलो, म्हनलं चार दिस ऱ्हाऊ. चाराचं चार वर्सं झाली, आन् त्यातली तीन मी एका गोऱ्या बाईच्या सैपाकघरात पीठ मळत काडली. लढाईला गेलो असतो तर मेडल मिळालं असतं. हितं पोळल्याचं डाग मिळालं. ते बी छातीवर न्हाईत, मनगटावर.

इंगरबाई तिचं नाव. आमी मडमबाई म्हनायचो. नवरा बोटीवर इंजनं सांभाळायचा. हिची छाती नाजूक, म्हनून डागदरनं पाचगणीची हवा सांगितली हुती. सा म्हयन्यांसाठी आली आन् तिकडं जर्मनानं तिचा मुलूखच घेतला. परत जायाला घर ऱ्हायलं न्हाई. नवऱ्याची बोट कवा मुंबईला लागायची, कवा वर्स वर्स पत्ता नसायचा. मराठी ती माज्याकडनं शिकली, म्हनून तिची मराठी बी बिघडली. एकदा कलेक्टरच्या बायकोला "लय ब्येस झालं तुमी आला, बसा की वाईच," म्हनली. ती बिचारी वाईचा रस्ता सांगाय लागली.

पाचगणीतल्या त्या सकाळी अजून अंगावर येत्यात. खिडकीभाईर रुपेरी पानांची उंच झाडं, खाली दरीत सगळं कापसावानी पांढरं, आन् टेबलावर लोन्याचा गोळा असा कडक की सुरी लावली तर सुरीच मागं सरायची. म्हशीचं लोनी. मडमबाईला गाईच्या पिवळ्या लोन्याची सवय. पयल्या वर्साला ती त्या पांढऱ्या गोळ्याकडं बघून म्हनली, "हे लोनी घाबरलंय." भट्टी न्हवतीच. घासलेटचा डबा आडवा टाकायचा, खाली इस्तू, वर पत्र्यावर इस्तू, आन् म्होरं मी, पंखा हालवत. भाजलेल्या पिठाचा पयला वास आला की ती डोळं मिटायची. मी बी मिटायचो. ती गावाकडं जायाची. मी डुलकीत जायाचो, आन् जळका वास आला की दोघं एकदमच परत यायचो.

तिच्याकडं आयेच्या हातची एक वही हुती. मला आपलं अक्षर येत न्हाई, तर तिचं कुटलं येनार? पन वही मला वाचता यायची. ज्या पानावर लोन्याचं डाग जास्त, ते बिस्कुट चांगलं. कोरं पान म्हंजे कुनी केलंच न्हाई, आन् केलं तर परत केलं न्हाई. मडमबाई म्हनली, "सख्या, माज्या आयेनं बी असंच शिकवलं हुतं मला." शिकलेल्या मानसानं मला एवढा मान त्याच्या आदी बी दिला न्हवता, त्याच्यानंतर बी दिला न्हाई.

त्येंची रीत अशी. नाताळाच्या आदी घरोघरी बायका बिस्कुटं करत्यात, आन् ती सात परकारची पायजेत. कमी केली तर येनारा-जानारा मोजतो, म्हनत काय न्हाई, पन मोजतो. आमच्याकडं लग्नात पंगतीला बसल्यावर कशी म्हातारी मानसं पानातल्या भाज्या मोजत्यात, तसं. श्रीमंत असू दे, गरीब असू दे, सात. एका परकाराचं नावच मुळी गरिबाचं बिस्कुट. तळतात ते. शंकरपाळीसारखं कापायचं, मधी चीर द्यायची आन् शेपूट त्या चिरेतनं ओढून घ्यायचं. मला ते कवाच जमलं न्हाई. माज्या बिस्कुटाचं शेपूट ओढलं की मुंडकं हातात यायचं.

एका परकाराला त्यांच्याकडचा उसाचा का बिटाचा घट्ट पाक लागायचा. लढाईत तो कुटनं मिळनार? म्या खाली गुऱ्हाळावर जाऊन काकवीचा डबा आनला. मडमबाईनं बोट बुडवलं, चाटलं, आन् परत बुडवलं. मंग म्हनली, "माज्या आयेला हे कळलं तर ती रागावंल." म्हनलं, "का वो?" म्हनली, "तिच्यापेक्षा चांगलं झालं म्हनून."

आन् येलदोडा! मला वाटलं हुतं येलदोडा म्हंजे आपला, पुरनातला, पेढ्यातला. ही बाई कोंबडीच्या आकाराच्या मुलखातनं आली आन् तिच्या वहीत पानोपानी येलदोडा. तिकडं बर्फात झाडं हाईत का म्हनलं, तर न्हाईत. मंग? तर म्हनली, "बोटीनं येतोय, पन्नास पिढ्या." म्हंजे आमच्या पुरनाची बहीन तिकडं बर्फात नांदत हुती आन् आमाला खबर बी न्हवती. त्यांच्याकडं बटाट्याची पोळी बी असती, लांब काटकीनं उलटायची, कागदासारखी पातळ. मडमबाईची पोळी हातावर धरली तर रेघा दिसायच्या. माजी पोळी दारात ठेवली तर लोक वहान समजून बाजूला सरकवायची.

एक कड्यासारखं गोल बिस्कुट हुतं. वर साखरंचं खडं, आत शिजवलेला पिवळा बलक. त्येचं नाव वहीत बर्लिनवरनं. मडमबाईनं पेन्सिल घेतली, बर्लिन खोडलं, आन् त्याजागी पाचगणी लिवलं. मला वाचून दावलं, "पाचगणीचं कडं." म्या इचारलं, "असं चालतं व्हय?" तर ती म्हनली, "त्यांनी आमचा मुलूख घेतला. म्या त्यांचं एक बिस्कुट घेतलं." म्या त्या दिशी पाचगणीची कडी जरा जास्तच भाजली. जर्मनावर राग म्हनून न्हवं, पंखा हालवायचा इसरलो म्हनून.

आता खाली आमच्या मुलखात त्याच सुमाराला गोऱ्यांनी चालतं व्हावं म्हनून पोरं तुरुंगात जात हुती, तारा कापत हुती. आन् मी गोरीच्या सैपाकघरात. सासऱ्यानं तेवढंच धरलं.

सासरा माळकरी. बसऱ्यास्नं आल्यावर माळ घातली आन् तवापास्नं अंड्याचं टरफल रस्त्यावर दिसलं तरी आंगूळ करायचा. माजी बायकू हौसा माज्यासंगं पाचगणीला मागल्या खोलीत ऱ्हायची. आपली चूल येगळी, आपलं पानी येगळं, मडमबाईच्या सैपाकघराची पायरी तिनं कवा चढली न्हाई. तरी बी दिवाळीला सासऱ्यानं तिला म्हाईरी न्हेली आन् धाडंचना. मी आनाया गेलो तर पारावर दहा जनांत मला बसवून म्हनला, "जावईबापू, तुमी अंडी फोडता. गोऱ्या बाईचं उष्टं खाता. गडी मानूस हून चुलीम्होरं बसता."

म्हनलं, "आबा, हिचा बी मुलूख दुसऱ्यानं दाबलाय. ही त्या गोऱ्यांतली न्हवं."

"गोरी ती गोरी. संक्रांतीपतुर नोकरी सोडा. पारावर बसून गोमूत्र घ्या, माळ घाला, मंग पोरगी न्या. न्हाईतर संक्रांतीनंतर तिचं काय करायचं ते आमी बघू."

बघू म्हंजे काय, ते समद्यांना ठावं हुतं. सोडचिठ्ठी आन् दुसरा पाट. पन मी म्हनलो काय? तर "बरं आबा." एवढंच. आन् चालत परत आलो. निगालो तवा हौसा दाराआड उभी हुती. तिचं मत काय ते कुनी इचारलं न्हाई. म्या बी न्हाई. मला वाटलं, इचारावं आन् तिनं बापाचंच बरोबर म्हनलं तर?

मानसाला दोन येळा भ्या वाटतं बगा. एक, परश्न इचारताना. दुसरं, वर्सानं, तो इचारला न्हवता हे आठवताना. दुसरं जास्त वाईट. ते अजून ह्या थंडीत कवा कवा येतं, शेगडी ढवळताना.

तर त्या साली नाताळाला चार खलाशी यायचं हुतं. तिच्याच मुलखातलं, बोट बुडालेली, पाचगणीला औषधपान्याला ठेवलेलं. मडमबाईनं म्हयनाभर आदी साखर साठवली. गव्हाचं पीठ फडक्यातनं तीनदा चाळून घेतलं. एकेक परकार हुयाचा, डब्यात जायाचा, डब्यावर झाकन. सहा झालं. सातवा ऱ्हायला, तो त्या आजीच्या हत्यारावरचा. पातळ पीठ वतायचं, मिटायचं, इस्तवावर दोन्ही अंगं शेकायची आन् गरम हाय तवर लाकडावर गुंडाळायची. आमी त्याला सुरळी म्हनायचो. नक्षी उठायची वरनं, येल आन् फुलं, आन् चावली की हिवाळ्यातलं पान पायाखाली यावं तसा आवाज.

त्या दिशी मडमबाई दवाखान्यात गेली हुती, खलाशांना बघाया. मी घरात येकटा. म्हनलं, सन आलाय, हिची भांडीकुंडी तरी चकचकीत करू. आमच्याकडं दिवाळीच्या आदी आया-बाया समदी भांडी घासत्यात न्हवं का? आन् हत्यार बघितलं तर काळं कुळकुळीत, तेलकट, आजीच्या काळापास्नं कुनी हात न्हाई लावलेला. मला मडमबाईची कीव आली. म्हनलं, एवढी शिकलेली बाई, पन भांडं घासायची अक्कल न्हाई. बसलो मंग अंगनात. राख घेतली, चिच्च घेतली, वर विटकर कुटून घेतली. दोन तास घासलं. नक्षीच्या चिरेत काटकी घालून घालून घासलं. चांदीवानी झालं. माज्या तोंडाचं बिंब दिसाय लागलं त्यात, आन् मी माज्याकडं बघून हसलो बी.

मडमबाई आली. म्या हत्यार म्होरं धरलं. ती बघत ऱ्हायली. मंग हळूच खाली बसली, खुर्चीवर न्हाई, फरशीवर.

"सख्या," म्हनली, "त्यात माज्या आजीचं लोनी हुतं."

मला काय कळलंच न्हाई. कळलं ते पीठ वतल्यावर. पयली सुरळी चिकटली. दुसरी चिकटली. तिसरी खरवडून काडली तर नुसता भुगा. पाचवीला मडमबाईनं हत्यार ठेवलं. माज्यावर वरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हनली, "सहा."

"मडमबाई, सहा काय कमी हाईत? लढाई चाललीया."

तवा ती उठली. "लढाई चाललीया म्हनूनच सात. त्या चार पोरांची बोट बुडाली. त्येंच्या आया तिकडं काय करत असत्याल मला ठाव न्हाई, पीठ हाय का न्हाई ते ठाव न्हाई. ती येत्याल आन् मोजत्याल. सहा मोजलं तर त्येंना कळंल की आमी हरलो. मी हरले न्हाई. मी सात देनार."

आता मला आठवलं बगा. हौसाचा बिडाचा तवा. घावन करायची ती त्यावर. त्याला पानी लावू द्यायची न्हाई. नव्या लग्नात म्या एकदा तो राखंत बुडवाय लागलो हुतो तर तिनं माज्या हातावर उलथनं मारलं हुतं. म्हंजे तेल मुरलेलं लोखंड घासायचं नसतं, हे मला ठाव हुतं! पन तवा बायकूचा, अक्कल बी बायकूची, आन् दोन्ही म्हाईरी गेलेलं.

म्हनलं, "मडमबाई, एक दिस द्या मला."

हत्यार घोंगडीत गुंडाळलं आन् डोंगर उतरून मेढ्याच्या बाजूला, सासऱ्याच्या गावाकडं, चालाय लागलो. कारवीच्या वाळक्या काटक्या, खाली भातखाचरात उरलेली धसं, आन् उन्हात बी गार वारं. वाटंनं मी बोलनी तयार केली. आबा, मी सोयरीक तोडाया आलो न्हाई, मी लोखंड घिऊन आलोय. चांगलं वाटलं मला ते. पन पारावर आबा आन् चार म्हातारं बसलेलं दिसलं आन् माज्या तोंडातनं निगालं काय? "आबा, ते, हे जरा धरलंय."

"काय धरलंय?"

"ह्ये. म्हंजे ह्येला पीठ धरतंय."

पारावर असा हशा पिकला की वरची पाखरं उडाली. एक म्हातारा म्हनला, "पाय धराया आलाय म्हनलं तर लोखंड धरून आलाय." आबा हसला न्हाई. म्हनला, "गोरीचं भांडं माज्या दारात?"

तेवढ्यात हौसा भाईर आली. माज्याकडं बघितलंच न्हाई. घोंगडी उलगडली, हत्यार उघडलं, बोट फिरवलं.

"कुनी घासलं?"

"म्या."

"कशानं?"

"राखंनं. आन् चिच्चंनं. वर विटकर."

"आन् हात तुटला न्हाई?"

म्या हात दावला. "न्हाई."

"तुटाया पायजे हुता," म्हनली, आन् हत्यार घिऊन आत चालली. आबा आडवा आला. "हौसे, माज्या चुलीवर ते चढायचं न्हाई."

"चूल तुमची आबा. परसातली दगडं तर देवाची हाईत न्हवं?" आन् तिनं परसात तीन दगडं मांडली.

दुपारभर ती बसली. हत्यार तापवायचं, अर्धा कांदा काटकीला खोचून तेलात बुडवायचा, तव्यावर घासायचा. पांढरा धूर. परत तापवायचं, परत कांदा. मी शेजारी उकिडवा. डोळ्यातनं पानी. तिच्या बी आन् माज्या बी. कांद्याचंच असंल. मधी मधी ती इचारायची, "पीठ किती पातळ करती बाई? आन् नवरा कुटं हाय तिचा? आन् त्या पोरांच्या आया?" मी सांगत गेलो. सात मोजत्यात ते सांगितलं. बर्लिन खोडलं ते बी सांगितलं. तवा ती पयल्यांदा हसली.

तांदळाचं पीठ कालवून तिनं घातलं. पयलं चिकटलं, दुसरं फाटलं, तिसरं अलगद सुटलं आन् वर सगळी येल उठली. तिनं ते हातावर धरलं. "आमच्या जात्यावर बी असंच फूल हाय," म्हनली. मंग ते कुत्र्याला टाकलं. मला जायाला सांगितलं. परत कवा येनार, येनार का, काय बोलली न्हाई. म्या बी इचारलं न्हाई. एवढं सगळं हून बी न्हाई इचारलं, म्हंजे बगा मी कसला मानूस.

नाताळाच्या आदल्या सांजला खलाशी आलं. लाल गालाची, हडकलेली, एकाचा हात बांधलेला. टेबलावर मेनबत्त्या. त्यातला सगळ्यात दांडगा टेबलापाशी आला आन् बोटानं मोजाय लागला. ओठ हालत हुतं त्येचं. सातव्याला थांबला. सुरळी उचलली, आन् खाल्ली न्हाई, नुसती कानापाशी धरून थोडी मोडली. तो आवाज ऐकला आन् भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायला. मडमबाई ताठ उभी. रडली न्हाई. "बस," म्हनली त्याला तिच्या भाषंत, मला कळलं. "बस आन् खा. आपन हितं हाय."

कुनाचा मुलूख जातो, कुनाची भाकरी जाती. घेनारा सगळं घेतो. पन एक आकडा त्यानं दिलेला नसतो, त्यो त्याला घेता बी येत न्हाई. मी गोळी चालवली न्हाई कवा. पन त्या सांजला म्या पंखा हालवला हुता, आन् इतका येळ आन् इतक्या नेटानं की उजवा दंड आठ दिस दुखला. मला वाटतं ती माजी लढाई.

दुसऱ्या दिशी मडमबाईनं पत्र्याचा डबा भरला. साती परकार. वर सुरळ्या. "ज्या बाईनं तवा नीट केला तिला," म्हनली. म्या डबा घेतला, पन तिला सांगितलं न्हाई की त्या बाईच्या घरात हे चालत न्हाई, आन् संक्रांतीला मी नोकरी सोडनार हाय. व्हय, सोडनारच हुतो. एवढं सात-सात करून मी गुमान जाऊन गोमूत्र घेनार हुतो. मला बायकू पायजे हुती आन् मी भित्रा. खरं हाय ते खरं.

संक्रांतीला पार भरलेला. बायका सुगडं घिऊन चाललेल्या, हातात तीळ, अंगावर काळ्या चंद्रकळा. म्होरं चटई, चटईवर तांब्या, तांब्याशेजारी माळ. पंच बसलेलं. आबा म्हनला, "बोला जावईबापू. सोडली नोकरी?"

डबा काखंत धरून मी बसलो. "सोडतो आबा."

"चूक झाली म्हना."

"झाली."

"घ्या मंग." आन् म्या तांब्याला हात लावला. गार हुता. वास आला. उचलला बी.

"आवं," मागनं आवाज आला, "त्या डब्यात काय हाय?"

हौसा. डोक्यावर पदर, हातात हळदी-कुंकवाचं ताट. बायकांच्या रांगंतनं सरळ पारावर चढलेली. त्या गावात पारावर कंची बाई चढलेली म्या बघितली न्हवती.

"तुला धाडलंय मडमबाईनं," म्या म्हनलं. तांब्या अजून हातातच.

तिनं ताट खाली ठेवलं, डबा माज्या काखंतनं ओढून घेतला, झाकन काडलं. येलदोड्याचा वास पारभर. पंचांतला एक म्हातारा नाक वर करून ऱ्हायला, मंग आठवन हून त्यानं नाकाला धोतराचा सोगा लावला.

"माज्या तव्यावरचं कंचं?"

म्या सुरळी दावली. तिनं उचलली, उजेडात धरून नक्षी बघितली.

"हौसे," आबा उठला, "अंडं हाय त्यात!"

"ठाव हाय, आबा."

आन् तिनं चावली. सगळा पार गप, त्यामुळं कुडूम् असा आवाज शेवटच्या मानसापतुर गेला. ती सावकाश चावत हुती. गिळली. ओठाला लागलेला भुगा जिभेनं घेतला.

"बाटले," म्हनली. "तुमच्याच नेमानं बाटले. आता मला घरात घ्याल का, आबा? पान्याला हात लावू द्याल? दुसऱ्या घरात द्याल का बाटलेली पोरगी?"

आबा पंचांकडं बघतोय. पंच तांब्याकडं बघत्यात.

"आन् मी गोमूत्र घ्यायची न्हाई. चटईवर बी बसायची न्हाई. बसऱ्याला तुमी काय काय खाल्लं ते आयेनं सांगितलंय मला, पन ते तुमचं तुमी. मी चोरून खाल्लं न्हाई. तुमच्या म्होरं खाल्लं." मंग माज्याकडं वळली. "आवं, ठेवा तो तांब्या खाली. उठा. नोकरी बिकरी काय सोडायची न्हाई."

मी उठलो. गडबडीत तांब्या कलांडला आन् अर्धा माज्याच धोतरावर. लोक म्हनत्यात मी शुद्ध झालो न्हाई. थोडा झालोय, गुडघ्यापतुर.

तिनं ताट उचललं, डबा काखंत मारला आन् पारावरनं उतरून चालाय लागली. मी मागं. गावाभाईर पडल्यावर डोंगराच्या पायथ्याला ती थांबली, डब्यातनं आनखी एक काडलं, हे पाचगणीचं कडं हुतं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वताला. चावत चावत चढन चढली. वरच्या वळनावर जाऊन माज्याकडं न बघताच म्हनली,

"बाईला सांगा, मीठ कमी हाय."